मद्रासच्या कानातली साकी

तामिळ हरिकथेचं एखादं जुनं ध्वनिमुद्रण लावून पाहावं. भाषा तामिळ, साथीला मृदंग, मधूनच एखादा संस्कृत श्लोक. कथा रंगात आली की ती सांगणारे भागवतार चाल बदलतात आणि चार ओळी झपाट्यानं म्हणून प्रसंग पुढे नेतात. मराठी कानाला ती चाल लगेच ओळखू येते, कारण ती साकी असते. थोड्या वेळानं दिंडी येते, मग ओवी, अभंग. भागवतारांच्या बोटांत चिपळ्या असतात आणि तामिळमध्येही त्यांचं नाव जवळजवळ तेच आहे. आज चेन्नईच्या लोकलमध्ये किंवा मरीनावर फेऱ्या मारताना कानात इअरफोन घालून माणसं संगीत, सिनेमा, तंत्रज्ञान, विज्ञान यांवरची बोलणी तास तास ऐकतात. त्या ऐकण्याची कुळी शोधत मागे जाताना मला ही साकी भेटली. तेव्हापासून माझं ठाम मत आहे की चेन्नईच्या पॉडकास्टचा एक पणजोबा मराठी कीर्तनकार होता.

रूढ वंशावळ सगळ्यांना ठाऊक आहे. डेव्ह वायनर यांनी आरएसएस या वेब-फीडमध्ये ध्वनिफीत जोडण्याची सोय केली, ॲडम करी यांनी ती आयपॉडपर्यंत पोचवली, फेब्रुवारी २००४मध्ये बेन हॅमर्स्ली यांनी ‘द गार्डियन’मधल्या लेखात ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द वापरला आणि २००५मध्ये ॲपलनं आयट्यून्समध्ये त्याला जागा दिली. २००४च्या त्याच फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं ‘अण्णा एफएम’ सुरू झालं, हा योगायोग मला फार आवडतो. पण आवाज घरी कसा पोचला एवढंच ही वंशावळ सांगते. एका माणसानं दोन तास बोलायचं, मध्ये गायचं, विषय सोडून लांब जायचं, पुन्हा मूळ मुद्द्यावर यायचं आणि समोरच्यानं ते आवडीनं ऐकायचं, ही रीत कुठून आली याचं उत्तर तिच्यात नाही.

ते उत्तर तंजावरात आहे. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत तिथं भोसल्यांचं राज्य होतं. रामदासी मठ होते, त्यामुळे कीर्तन होतंच. मेरुस्वामी नावाचे रामदासी कीर्तनकार तंजावरहून त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळांच्या दरबारात गेले. राजाची ‘कुचेलोपाख्यान’ आणि ‘अजामिलोपाख्यान’ ही आख्यानं त्यांच्यासाठीच रचली गेली असं मानतात. पुढे राज्य खालसा झालं, तरी मराठी मंडळी आणि त्यांचा आश्रय उरला होता. १८६०च्या दशकात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरात आले आणि चातुर्मासात त्यांची कीर्तनं झाली. ती ऐकून एका तरुण गायकानं तो साचा उचलला आणि त्यात कर्नाटक संगीत ओतलं. तंजावूर कृष्ण भागवतार हे त्यांचं नाव, आणि तामिळ हरिकथेचे जनक म्हणून त्यांनाच मान मिळतो.

इथं जरा थांबतो, कारण खरी गंमत वृत्तांत आहे. साकीच्या ओळीला २८ मात्रा, दिंडीच्या ओळीला १९. तामिळला स्वतःचं प्राचीन आणि काटेकोर छंदशास्त्र आहे, वृत्तांची तिला कधीच वाण नव्हती. मग ही परकी मापं कशाला घेतली? माझा अंदाज असा आहे. कर्नाटक संगीतातल्या कृतीत एक ओळ दहा वेळा फुलवायची असते, गोष्ट तिथंच उभी राहते. कथा सांगणाऱ्याला मात्र गाणं न सोडता पुढे सरकायचं असतं. रुक्मिणीनं पत्र लिहिलं, ब्राह्मण निघाला, द्वारकेला पोचला, कृष्णानं पत्र वाचलं, हे सगळं साकी दोन श्वासांत उरकते. बोलणं आणि गाणं यांच्या मधल्या जागेसाठी मराठी कीर्तनानं घडवलेली ती हत्यारं होती आणि तामिळ भागवतारांनी ती हत्यारं म्हणूनच घेतली. सुरुवातीची पंचपदी घेतली आणि ‘निरूपण’ हा शब्दही घेतला.

यावर तामिळ अभ्यासकांचा आक्षेप वजनदार आहे. गोपालकृष्ण भारतींचं ‘नंदनार चरित्तिरम’ हे गाण्यांतून सांगितलेलं तामिळ आख्यान १८६०च्या सुमारासच छापून निघालं होतं, म्हणजे मोरगावकरबुवांच्याही आधी. शिवाय तामिळ देशात धनुष्याच्या दोरीवर ताल धरून कथा सांगणारं विल्लुपाट्टू आहे, पुराणवाचन आहे. मग मराठ्यांचं ऋण कशाला मानायचं? विल्लुपाट्टू मला मान्य आहे, ती त्यांची स्वतःची आणि जबरदस्त परंपरा आहे. पण भारती हिंदुस्थानी संगीत शिकले ते तिरुविडैमरुदूरला, रामदास नावाच्या गायकाकडे, आणि तिथं पदच्युत अमरसिंह भोसल्यांचा दरबार होता. म्हणजे मोरगावकरबुवांच्या आधीच मराठी वारं त्या गावातून वाहत होतं. कथा तामिळ, भक्ती तामिळ, सूर कर्नाटक हे मी निर्विवाद मानतो. सांगाडा मात्र मराठी आहे यावरून मी हटणार नाही.

तंजावरची दरबारी कमाई आटल्यावर कलावंत मद्रासला आले, तिथं संगीतसभा निघाल्या आणि हरिकथेला तिकीट लागलं. सी. सरस्वतीबाई उभ्या राहिल्या तेव्हा बाईनं कथा करावी का यावर मोठा विरोध झाला, आणि त्या सगळ्यांना पुरून उरल्या. मद्रासनं हा वारसा पुढेही वाटला. तेलुगू हरिकथेचे पितामह आदिभट्ल नारायण दासू यांना पहिली प्रेरणा मिळाली ती मद्रासच्या कुप्पुस्वामी नायडूंची कथा ऐकून.

आता ज्या दुव्यासाठी हा सगळा खटाटोप, तो सांगतो. १९४९मध्ये ‘नल्लतंबी’ हा चित्रपट आला. लेखक सी. एन. अण्णादुरै, पुढे मद्रास राज्याचे मुख्यमंत्री झालेले. नायक एन. एस. कृष्णन, ज्यांना लोक कलैवाणर म्हणत. चित्रपटात कृष्णन भागवताराच्या थाटात ‘किंदनार’ नावाचा कथाकालक्षेप, म्हणजे हरिकथाच, करतात. नंदनार या अस्पृश्य भक्ताला चिदंबरमच्या नटराजाच्या दर्शनाची ओढ होती, तर किंदन या अस्पृश्य मुलाला शाळेची ओढ आहे. तो शहराकडे निघतो आणि शिकून मोठा होतो. पुराणकथांवर टीका करणाऱ्या द्रविड चळवळीच्या माणसांनी आपलं म्हणणं मांडायला हरिकथेचाच घाट निवडला, कारण मद्रासचा कान त्या घाटाला तयार झालेला होता. देव बाजूला झाला, शाळा आणि आगगाडी आली, सांगण्याची पद्धत तशीच राहिली. याच कृष्णन यांनी विज्ञान वाढवण्याबद्दलही गाणं गायलं आहे. संगीत, सिनेमा, विज्ञान एका आवाजात बांधणारा हा माणूस मला आजच्या कुठल्याही पॉडकास्टरचा थेट पूर्वज वाटतो. आपल्याकडे गाडगेबाबांनी कीर्तनात झाडू, शाळा आणि कर्जबाजारीपणा आणला, तेही याच जातीचं काम.

रेडिओवाले म्हणतील, पूर्वज आम्ही. त्यांचा दावा मोठा आहे. सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकारानं मद्रासचा रेडिओ क्लब १९२४मध्ये निघाला, पैशाअभावी १९२७मध्ये बंद पडला, १९३०पासून महापालिकेनं प्रसारण हाती घेतलं आणि मरीनासारख्या सार्वजनिक जागी कर्णे लावले. १६ जून १९३८ला आकाशवाणीचं मद्रास केंद्र सुरू झालं. पण रेडिओची वेळ ठरलेली असते, श्रोत्यानं तिथं हजर राहायचं असतं. हवं तेव्हा हवं ते ऐकण्याची मुभा आधी तबकडीनं आणि मग कॅसेटनं दिली. तामिळ माणूस सिनेमाचे नुसते संवाद तबकडीवर विकत घेऊन ऐकत असे. ‘तिरुविळैयाडल’ या चित्रपटाचे संवाद देवळांच्या उत्सवात कर्ण्यांवर वाजत. चित्र नसलेला सिनेमा ऐकणारा श्रोता आणखी कुठं इतका पक्का घडला असेल? मग किरुपानंद वारियार यांच्या प्रवचनांच्या आणि एस. व्ही. शेखर यांच्या नाटकांच्या कॅसेट घराघरांत आल्या. आज विशाखा हरी यांची हरिकथा माणसं फोनवर ऐकतात, त्यात कथा, राग आणि निरूपण तिन्ही असतात.

एक कबुली द्यायला हवी. दोघा-तिघांनी वाद घालत रंगवलेले जे कार्यक्रम असतात, त्यांची कुळी कीर्तनाकडे जात नाही. ती पट्टिमन्रम या तामिळ वादसभेकडे जाते. पोंगलला दूरचित्रवाणीवर सॉलोमन पाप्पय्या यांच्या अध्यक्षतेखाली ती रंगते, तेव्हा अख्खं घर बसून ऐकतं. तिथं मराठी हक्क सांगणं चूक ठरेल. एकट्या आवाजाच्या पॉडकास्टवर मात्र आपला हक्क आहे.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखितांचा मोठा साठा आहे आणि त्यात कीर्तनाची निरूपणंही आहेत. त्यांतलं एखादं निवडून पुण्याचा नारदीय कीर्तनकार आणि चेन्नईचा भागवतार यांनी एकाच बैठकीत, आळीपाळीनं, आपापल्या भाषेत सांगावं आणि ते पॉडकास्ट म्हणून निघावं, असं मला मनापासून वाटतं. साकीपाशी आल्यावर दोघांनाही चाल विचारावी लागणार नाही.