जीपला ट्रॅक्टरची चाके

भर पावसाळ्यात काळ्या रानात रुतलेली जीप ट्रॅक्टरने ओढून काढताना आपण पाहिली असेल. मग जीपलाच ट्रॅक्टरची चाके का लावत नाहीत, असे एखादा विद्यार्थी विचारील. प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. १९६० च्या सुमारास स्कॉटलंडमध्ये हा प्रयोग खरोखरच झाला.

मुळात ट्रॅक्टरचे रबरी चाकही तसे जुने नाही. आधी चाके लोखंडी, दातेरी असत. फ्लॉरिडातील संत्राबागायतदारांच्या झाडांची मुळे त्या दात्यांनी दुखावत. म्हणून १९२९ च्या सुमारास त्यांनी ट्रकचे जुने टायर लोखंडी चाकांवर चढवले. पुढे फायरस्टोन आणि अॅलिस-चामर्स यांनी विमानाचे टायर कमी हवा भरून ट्रॅक्टरला लावून पाहिले, आणि १९३२ मध्ये हवा भरलेल्या टायरचा ट्रॅक्टर बाजारात आला.

हवा कमी का, हे वर्गात सहज मांडता येईल. एका चाकावर ४०० किलोग्रॅम भार आहे आणि टायरमध्ये दर चौरस सेंमीला २ किलोग्रॅम दाब आहे, असे समजू. हा भार पेलायला टायरचा साधारण २०० चौरस सेंमी भाग जमिनीला टेकावा लागतो. दाब ०.८ वर आणला तर ५०० चौरस सेंमी. भार तोच, पण तो जास्त जागेवर पसरल्याने चाक कमी रुतते. (टायरच्या भिंतीचा ताठरपणा आपण येथे सोडून दिला आहे.)

आता स्कॉटलंडकडे वळू. तेथील सरकारी वनखाते, म्हणजे फॉरेस्ट्री कमिशन, दलदलीच्या पीट जमिनीत खोल चर नांगरून उलटलेल्या ढेकळांवर रोपे लावीत असे. १९४८ मध्ये आलेली लँड रोव्हर चारही चाकांनी ओढणारी गाडी खरी, पण येथे तिची चाके चरात जात आणि पोट वरंब्यावर टेके. पोट टेकल्यावर चाके नुसती गरगर फिरणार! लंडनजवळच्या हाउन्स्लो येथील रोडलेस ट्रॅक्शन या कंपनीने मग १०९ इंची लँड रोव्हरला २८ इंची रिमचे, १० इंच रुंदीचे ट्रॅक्टर टायर बसवले. कंपनीचे संस्थापक फिलिप जॉन्सन यांनी पहिल्या महायुद्धात रणगाड्यांवर काम केले होते, तेव्हा चिखल त्यांना नवा नव्हता.

नेहमीच्या टायरचा व्यास सुमारे ८० सेंमी, या टायरचा सुमारे १२० सेंमी. त्यामुळे आस २० सेंमी वर उचलला गेला आणि चर ओलांडणे सोपे झाले. पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे, आणि हौशी मंडळी ती नेमकी विसरतात. व्यास दीडपट झाला की एका फेऱ्यात गाडी दीडपट अंतर जाते. म्हणजे त्याच गिअरमध्ये जमिनीवरचा जोर दोन तृतीयांशच उरतो. जोर पूर्वीइतका हवा असेल तर आसाच्या दांड्यावर दीडपट पीळ पडतो. दांडा मूळ लहान चाकासाठी घडवलेला. दगडात चाक अडकले की तुटणार तोच. शिवाय चाकांचे वजन वाढल्याने सुकाणू जड होते, ब्रेकवर ताण येतो, आणि उंच झालेली गाडी उतारावर कलंडण्याचा धोका वाढतो. वेगमापकही फसवतो: काटा ४० दाखवील तेव्हा गाडी ६० ने धावत असेल.

म्हणून रोडलेसने केवळ चाके बदलली नाहीत. गाडी कलंडू नये यासाठी डाव्या-उजव्या चाकांतील अंतर वाढवले, आणि मोठ्या चाकांना जागा व्हावी म्हणून मडगार्डे कापून नवी, ऐसपैस बसवली. दिसायला गाडी मोठी गमतीची! इतका खटाटोप केल्यावर ती अर्थातच महाग पडली आणि थोड्याच गाड्या बनल्या.

आणखी एक गोष्ट गावातल्या ट्रॅक्टरवरच दाखवता येईल. मागच्या टायरवरचे उंच पट्टे इंग्रजी व्ही अक्षरासारखे असतात. व्हीचे टोक जमिनीला आधी टेकते, मग बाजू; त्यामुळे चिखल दोन्ही कडांकडे ढकलला जातो. टायर उलटा बसवला तर तोच चिखल मध्ये गोळा होतो. पाऊस पडून गेल्यावर मुलांना शेतात नेऊन चाकाचा ठसा पाहायला सांगावा आणि त्यावरून ट्रॅक्टर कोणत्या दिशेला गेला, ते विचारावे.