मृगाचा पेरा

निफाड तालुक्यांतील पिंपळगाव बसवंत हें गांव आज द्राक्षें, टोमॅटो व कांदा यांकरितां प्रसिद्ध आहे. परंतु तूर, मूग, उडीद यांचा खरीप पेरा या मुलखांत फार जुना. अलीकडे त्यांत सोयाबीनची भर पडली. हा पेरा शेतकरी आषाढ-श्रावणावरून ठरवीत नसे. तो सूर्याच्या नक्षत्रांवरून ठरे. मृग लागलें, जमीन भिजून वाफसा आला, कीं पाभर धरावयाची. मृग हुकलें तर आर्द्रा साधावयाची, असा परिपाठ होता.

या निवडींत मोठें शहाणपण होतें. अधिक मासामुळें चांद्र महिने मागेंपुढें होतात. २०२२ सालीं श्रावण २९ जुलैस सुरू झाला. २०२३ सालीं निज श्रावणास १७ ऑगस्ट उजाडला. मृग मात्र दरवर्षीं जूनच्या ७-८ तारखेसच लागतें. सूर्याशीं बांधलेली ही गणना दिवसाच्या लांबीशींही बांधलेली असते.

तिचें महत्त्व १९२० सालीं स्पष्ट झालें. अमेरिकेच्या कृषिखात्यांतील गार्नर व अ‍ॅलर्ड यांनीं ‘बिलॉक्सी’ जातीचें सोयाबीन थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानें पेरून पाहिलें. आधीं पेरलेलें काय आणि मागाहून पेरलेलें काय, बहुतेक सारें सप्टेंबरच्या सुमारास फुलावर आलें. दिवस लहान होऊं लागले कीं रोप फुलतें. त्याचें वय किती, हा प्रश्न गौण ठरतो.

तुरीच्या जुन्या, दीर्घ मुदतीच्या जातींची हीच कथा आहे. पेरा महिनाभर लांबला, तरी फुलोरा महिनाभर लांबत नाहीं. मधला वाढीचा काळ तेवढा आखडतो. झाड ठेंगणें राहतें, फांद्या कमी फुटतात आणि शेंगाही कमी धरतात. त्यांतच पावसाळा सरल्यावर जमिनीची ओल आटते, आणि निफाडची प्रसिद्ध थंडी कडक पडली कीं फुलें गळतात.

मुगाचें गणित निराळें. तो साठ-सत्तर दिवसांत तयार होतो. फार लवकर पेरला, तर पक्व शेंगा ऐन पावसांत सांपडून दाण्यास मोड येतात. फार उशिरां पेरला, तर भुरी रोगाचें व ओल तुटण्याचें भय असतें.

पाऊसच लांबला, तर शेतकऱ्यानें काय करावें? लवकर येणारी जात निवडावी, ओळी जवळ घ्याव्या व बीं थोडें अधिक वापरावें. कारण झाडें लहानच राहणार. बिहारांत सप्टेंबरांत पेरल्या जाणाऱ्या तुरीस अशीच दाटी ठेवतात. यानें तूट कांहीं अंशीं भरून निघते, सर्वस्वीं नाहीं.

एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावयास हवी. पंचांगांतील मृगही ऋतूंच्या मानानें सुमारें ७२ वर्षांत एक दिवस पुढें सरकतें. पंचांग पाहतो तो माणूस. पीक पाहतें तें दिवसाच्या लांबीकडे.