एलिझाबेथकालीन लंडनमधील नाट्यव्यवसाय : भांडवल, भागीदारी आणि प्रसिद्धी

प्रस्तावना :
इंग्रजी नाटकाचा अभ्यास बहुधा वाङ्मयीन अंगाने केला जातो. तथापि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये नाटक हा एक जोखमीचा व्यवसायही होता. १५७२ च्या कायद्याने सरदाराचा आश्रय नसलेल्या फिरत्या नटांची गणना भटक्यांमध्ये केली. त्यामुळे नाटकमंडळ्यांना नाव आश्रयदात्याचे घ्यावे लागे. उत्पन्न मात्र प्रामुख्याने प्रेक्षकांकडूनच मिळे. या व्यवसायाच्या आर्थिक रचनेचा आढावा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भांडवल व भागीदारी :
जेम्स बर्बेज याने १५७६ मध्ये मेहुणा जॉन ब्रेन याच्या भांडवलाच्या साहाय्याने शोरडिच येथे 'द थिएटर' उभारले. जागा एकवीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची होती. १५९६ मध्ये त्याने ब्लॅकफ्रायर्स येथील वास्तू ६०० पौंडांना विकत घेतली. परंतु रहिवाशांच्या विरोधामुळे तेथे त्याच्या मंडळीला प्रयोग करता आले नाहीत व भांडवल अडकून पडले. पुढे पट्टाही संपला. तेव्हा डिसेंबर १५९८ मध्ये बर्बेजच्या पुत्रांनी जुनी इमारत उतरवली. तिच्या लाकडातून १५९९ मध्ये थेम्सच्या दक्षिण तीरावर 'ग्लोब' उभे राहिले. त्याचा निम्मा हिस्सा बर्बेज बंधूंकडे, तर उरलेला शेक्सपिअरसह पाच नटांकडे होता. पैशाच्या निकडीतून नट नाट्यगृहाचे मालक झाले.

याउलट, 'रोझ'चा मालक फिलिप हेन्स्लो गॅलरीच्या उत्पन्नात वाटा घेई आणि मंडळीला कर्जाऊ रकमा देई. नाटककाराला एका नाटकाचे साधारणतः सहा पौंड मिळत व संहिता मंडळीच्या मालकीची होई.

दर व प्रसिद्धी :
अंगणात उभे राहण्यास एक पेनी, गॅलरीस आणखी एक पेनी व गादीच्या आसनास तिसरी पेनी, अशी दरांची चढती श्रेणी होती. छापील भित्तिपत्रके, छतावरील ध्वज व तुतारी ही जाहिरातीची साधने होत. १५९८ पासून नाटकांच्या छापील प्रतींवर शेक्सपिअरचे नाव येऊ लागले, म्हणजेच नाटककाराच्या नावालाही बाजारमूल्य लाभले.

निष्कर्ष :
१५९२-९४ मधील प्लेगच्या काळात नाट्यगृहे दीर्घकाळ बंद राहिली. १६१३ मध्ये 'ग्लोब' जळाले. भागीदारांनी स्वतः वर्गणी काढून १६१४ पर्यंत ते पुन्हा उभारले. शेक्सपिअरची संपन्नताही लेखनाच्या मोबदल्यापेक्षा भागीदारीवर अधिक आधारलेली होती. १६४२ मध्ये पार्लमेंटने नाट्यप्रयोगांवर बंदी घातली. आगीतून सावरलेल्या या भागीदारीला राजसत्तेचा आश्रय सुटताच तग धरता आला नाही. कलेच्या स्थैर्यास कलावंतांची मालकी आवश्यक ठरली, परंतु ती पुरेशी नव्हती, असे यावरून स्पष्ट होते.