तेलकट सांडपाणी जीवाणूंच्या साहाय्याने कसे शुद्ध करतात?

तेलशुद्धीकरण प्रकल्प, यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आणि खाद्यतेलाच्या गिरण्या यांच्या सांडपाण्यात तेलाचा अंश असतो. पाण्यावर पसरलेला तेलाचा तवंग हवेतील ऑक्सिजन पाण्यात मिसळू देत नाही आणि जलचर धोक्यात येतात. म्हणून नदी-नाल्यांत सोडायच्या औद्योगिक सांडपाण्यात तेल व ग्रीस लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी सर्वसाधारण मर्यादा भारतातील पर्यावरण संरक्षण नियमांनी घातली आहे.

सुटे तेल पाण्यापेक्षा हलके असल्याने संथ प्रवाहाच्या टाकीत वर तरंगते व काढून घेता येते. त्याहून बारीक थेंबांसाठी पाण्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे सोडतात. थेंब त्यांना चिकटून वर येतात. खरी अडचण पायसाची असते. धातू कापताना वापरल्या जाणाऱ्या तेल-पाण्याच्या मिश्रणात साबणासारखी द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे तेलाचे अतिसूक्ष्म थेंब एकत्र न येता, दुधातील स्निग्धांशाप्रमाणे विखुरलेले राहतात.

स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस यांसारखे जीवाणू ऑक्सिजनच्या साहाय्याने अशा तेलाचे विघटन करतात. १९१४ साली मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी मांडलेल्या सक्रिय गाळ पद्धतीत जीवाणूंचे पुंजके निवळण टाकीच्या तळाशी बसवून पुन्हा वापरले जातात. मात्र तेल चिकटलेले पुंजके हलके होतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. विघटनास कठीण अशी द्रव्ये पचवणारे जीवाणू मुळातच सावकाश वाढतात. ते वाहून गेल्यास प्रक्रियाच मंदावते.

यावर उपाय म्हणून निवळण टाकीऐवजी सुमारे ०.१ मायक्रॉन छिद्रांचे पटल वापरतात. १९८९ साली जपानमध्ये काझुओ यामामोटो व सहकाऱ्यांनी असे पटल थेट जीवाणूंच्या टाकीत बुडवण्याची पद्धत मांडली. पाणी काही तासांत पटलातून बाहेर पडते, जीवाणू मात्र कित्येक आठवडे टाकीतच राहतात. नेहमीच्या पद्धतीत लिटरमागे ३ ते ४ ग्रॅम असणारा जैविक गाळ येथे ८ ते १२ ग्रॅमपर्यंत राखता येतो. म्हणजेच पटलाचे मुख्य काम तेल गाळणे नसून जीवाणू राखणे हे होय.

पटलाचा मोठा शत्रूही तेलच आहे. सुटे तेल पटलावर बसले, तर छिद्रे बुजतात. त्यामुळे ते आधीच काढावे लागते. शिवाय पटलावर सतत हवेचा झोत सोडावा लागतो आणि ते ठरावीक काळाने रसायनांनी धुवावे लागते. यामुळे विजेचा खर्च वाढतो. मात्र बाहेर पडणारे पाणी इतके स्वच्छ असते, की क्षार कमी केल्यावर ते कारखान्यातच पुन्हा वापरता येते.