संन्याशाची मुले आणि कादंबरीतले घर

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या चार भावंडांची कथा मराठी समाजाच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती काळाच्या ओघात टप्प्याटप्प्याने घडत गेलेली कथा आहे, याचे भान वाचकाला सहसा राहत नाही. ती जणू ज्ञानेश्वरीबरोबरच आपल्या हाती आली, असे आपण गृहीत धरतो. गो. नी. दांडेकर यांची ‘मोगरा फुलला’ ही ज्ञानेश्वरचरित्रावरील कादंबरी वाचताना हे गृहीत अधिकच दृढ होते. कादंबरीला माणसे लागतात, माणसांना घर लागते आणि घराला आईबाप लागतात. ज्याने हे सारे स्वतःच्या ग्रंथाबाहेर ठेवले त्या कवीची कथा सांगताना कादंबरीकाराला काय करावे लागते, हा प्रश्न मात्र आपल्या समीक्षेने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. प्रस्तुत लेखात या कादंबरीचे प्रसंगवार परीक्षण करावयाचे नसून, तिने ज्या कथाद्रव्याचा वारसा घेतला त्याचा इतिहास तपासावयाचा आहे.

१

प्रथम ज्ञानेश्वरी या संहितेकडे पाहू. ग्रंथाच्या अखेरीस कवी आपल्याविषयी जे सांगतो ते मोजके, पण नेमके आहे. शके १२१२ (इ. स. १२९०) हे वर्ष, गोदावरीच्या परिसरातील नेवासे हे स्थळ, यादव राजा रामचंद्राची राजवट आणि लेखक म्हणून सच्चिदानंदबाबा यांचा निर्देश तेथे येतो. त्याचबरोबर आदिनाथापासून मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी या क्रमाने निवृत्तिनाथांपर्यंत येणारी परंपराही येते. म्हणजे कवीला वंशावळ द्यावयाची नव्हती असे नाही. त्याने ती दिली आहे. परंतु ती गुरुपरंपरेची आहे, कुळाची नाही. आपेगावचे कुलकर्णीपण, आजोबा गोविंदपंत, वडील विठ्ठलपंत, आई रुक्मिणी, आजोळची आळंदी, पैठणची धर्मसभा यांपैकी कशाचाही मागमूस या आत्मनिवेदनात नाही.

या मौनाचा अर्थ लावताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. परंपरेने सांगितल्याप्रमाणे विठ्ठलपंत संन्यास सोडून गृहस्थाश्रमात परतले असतील, तर धर्मशास्त्राच्या दृष्टीने ते ‘आरूढपतित’ ठरतात. संन्यास म्हणजे व्यवहारातला मृत्यू. संन्यासी घरातून, वतनातून, वाटणीतून नाहीसा झालेला असतो. मेलेल्या माणसाने पुन्हा संसार मांडला, तर त्याच्या मुलांना वर्णव्यवस्थेत जागाच उरत नाही. आणि अशा पतनाला प्रायश्चित्तच नाही, असाही एक कठोर पक्ष धर्मशास्त्रात आहे. ‘संन्याशाची पोरे’ या शब्दप्रयोगात केवळ हेटाळणी नाही. त्यात त्यांचा वारसाहक्कही नाकारलेला आहे. ज्याचा जन्माचा वारसा असा नाकारला गेला त्याने आपला वंश आदिनाथापासून सांगावा, याला नाथपंथीय संकेत म्हणून सोडून देता येणार नाही. जन्माने दिलेल्या ओळखीच्या जागी त्याने ज्ञानाने मिळालेली ओळख ठेवली आहे. विशेष असे, की या दोन वंशावळी निवृत्तिनाथांपाशी एकमेकींना छेदतात. रक्ताच्या नात्याने जो थोरला भाऊ, तोच गुरू. ग्रंथात मात्र तो सर्वत्र गुरू म्हणूनच येतो.

पण नाती ज्ञानदेवांच्या लेखनातून हद्दपार झालेली नाहीत. ती प्रतिमांत आली आहेत. तेराव्या अध्यायातील गुरुभक्तीच्या दीर्घ विवेचनात शिष्य गुरूला आई मानतो, बाप मानतो, कधी स्वतःच गुरूची आई होऊ पाहतो. घरातली बहुतेक सारी नाती तेथे या एकाच नात्यात ओतलेली आहेत. ‘अनुभवामृता’चा प्रारंभ तर जगाच्या मूळ मायबापांना, देवोदेवींना, केलेल्या वंदनानेच होतो; आणि ते शिवशक्तीचे ऐक्य पतिपत्नींच्या, घरसंसाराच्या भाषेत उलगडते. स्वतःच्या आईबापांविषयी एक अक्षरही न लिहिणारा कवी विश्वाच्या आईबापांपासून ग्रंथ सुरू करतो, याची नोंद चरित्रकारांनी नव्हे तरी समीक्षकांनी घ्यावयास हवी होती. येथे चरित्र लपवलेले आहे असे म्हणण्यापेक्षा त्याचे तत्त्वज्ञानात रूपांतर झाले आहे, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

२

अभंगांत चित्र पालटते. ज्ञानदेवांच्या नावावरील अभंगांत ‘बापरखुमादेवीवर विठ्ठल’ ही नाममुद्रा येते. रखुमादेवीचा पती विठ्ठल हा पंढरीचा देव. पण परंपरेने सांगितलेली आईबापांची नावेही हीच आहेत. हा योगायोग असेल, किंवा नाममुद्रेवरून पुढे आईबापांची नावे स्थिरावली असतील, किंवा नावांच्या साम्यामुळे कवीला ती मुद्रा जवळची वाटली असेल. यांपैकी कोणताही एक पर्याय निश्चित करण्याइतके प्रमाण आपल्यापाशी नाही. तथापि ज्या ठिकाणी देव आणि बाप एकाच शब्दात उभे राहतात, त्या ठिकाणी पुढच्या कथाकारांना वाट सापडली, हे उघड आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने ज्ञानदेव एक की दोन, हा वाद उभा केला. ज्ञानेश्वरी लिहिणारा नाथपंथीय ज्ञानदेव वेगळा आणि विठ्ठलभक्तीचे अभंग रचणारा आळंदीचा ज्ञानदेव वेगळा, असे त्यांचे प्रतिपादन होते. अभ्यासकांनी बहुमताने ते नाकारले. परंतु तो वाद ज्या फटीतून निर्माण झाला ती फट खरी आहे. ओवीग्रंथांत गुरुपरंपरा आहे, कुटुंब नाही. अभंगांत आणि त्यांच्या भोवतीच्या कथांत कुटुंब आहे. या दोन वाङ्मयसमूहांना एका व्यक्तीत बांधून ठेवण्याचे काम ज्या कथेने केले, ती या भावंडांचीच कथा होय. ‘मोगरा फुलला’ हे शीर्षकही अभंगातून आलेले आहे, ओवीतून नव्हे. यावरून कादंबरीकार या फटीच्या कोणत्या बाजूने आत शिरला, हे समजते.

३

ही कथा मिळाली कोठून? सर्वांत जुना आधार म्हणून नामदेवांच्या नावावरील ‘आदि’, ‘तीर्थावळी’ आणि ‘समाधी’ या अभंगप्रकरणांचा निर्देश केला जातो. नामदेव (१२७०–१३५०) हे ज्ञानदेवांचे समकालीन. पण नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा आणि इतर नाम्यांची रचना मिसळली असल्याने या प्रकरणांना समकालीन साक्षीचे मोल देताना अभ्यासक कचरतात, ते योग्यच आहे. पुढे एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा ग्रंथाला जवळजवळ तीनशे वर्षे झाली होती. ताहराबादच्या महिपतींचा ‘भक्तविजय’ शके १६८४ (इ. स. १७६२) मधला. म्हणजे शके १२१८ (इ. स. १२९६) मधील समाधीपासून साडेचारशेहून अधिक वर्षांनंतरचा. आज आपल्या मनात असलेली कथा, म्हणजे काशीतला संन्यास, गुरूच्या आज्ञेने परतणे, वाळीत पडणे, आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून केलेला देहत्याग, रेड्यामुखी वेद, पाठीवर भाजलेले मांडे, चालती भिंत, ही मुख्यतः महिपती आणि त्यांच्या आगेमागे कीर्तनात घडत गेलेल्या आख्यानांची देणगी आहे. १९४० मध्ये दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली प्रभातने ‘संत ज्ञानेश्वर’ पडद्यावर आणला आणि त्या आख्यानाला दृश्य रूप मिळाले. दांडेकरांपर्यंत ही सामग्री पोचली ती अशा चार-पाच हातांतून.

या प्रवासात कथेचे प्रयोजनही बदलत गेले. आख्यानकाराला चमत्कार हवा असतो. चमत्काराने धर्मसभा नमते आणि प्रश्न सुटतो. पैठणच्या शुद्धिपत्राची कथाही अशीच. बोपदेवाच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या या पत्राच्या सत्यतेविषयी संशोधकांनी शंका घेतली आहे. परंतु त्या कथेचा आशय लक्षणीय आहे. या मुलांना मान्यता मिळाली ती त्यांनी आजन्म ब्रह्मचारी राहावे या अटीवर, असे परंपरा सांगते. म्हणजे व्यवस्थेने एक पाऊल मागे घेतले ते हा वंश येथेच थांबेल याची हमी घेऊन. रेड्याच्या तोंडून वेद ऐकताना श्रोत्यांचे या अटीकडे दुर्लक्ष होते. चार प्रसिद्ध भावंडांच्या या घराण्याला पुढची पिढी नाही. तरीही मराठीतला सर्वांत मोठा वारसा याच घराने मागे ठेवला, हा या कथेतला मूळ पेच आहे.

४

गोनीदांची (१९१६–१९९८) या कथेशी असलेली जवळीक केवळ भाविकाची नव्हती. गाडगेमहाराजांचा सहवास, वेदान्ताचे अध्ययन, नर्मदापरिक्रमा आणि भटकंती यांतून त्यांची कीर्तनाशी आणि वारीशी ओळख झाली होती. त्यांचे दीर्घ वास्तव्य तळेगाव दाभाडे येथे होते. इंद्रायणीच्या खोऱ्यातली देहू आणि आळंदी ही त्यांच्या परिसरातलीच गावे. ‘तुका आकाशाएवढा’ आणि ‘दास डोंगरी राहतो’ या त्यांच्या अन्य दोन संतचरित्रात्मक कादंबऱ्या. पण या कादंबऱ्यांच्या जोडीला ‘पडघवली’ ठेवून पाहिली पाहिजे. कोकणातल्या एका घराचा आणि गावाचा ऱ्हास अंबावहिनीच्या तोंडून सांगणाऱ्या या लेखकाला, घर विस्कटते म्हणजे काय होते, हे ठाऊक होते. ‘मोगरा फुलला’ हे नाव देताना त्याने रुजण्याची, वाढण्याची, बहरण्याची प्रतिमा निवडली. मराठी चरित्रात्मक कादंबरी ‘स्वामी’ (१९६२) आणि ‘मृत्युंजय’ (१९६७) यांच्या लोकप्रियतेमुळे व्यक्तिपूजेकडे झुकत होती. त्या काळाच्या पार्श्वभूमीवर एका वीरपुरुषाऐवजी एका कुटुंबाचे आख्यान सांगण्याचा हा मार्ग वेगळा ठरतो, हे मान्य करावयास हवे.

मात्र फुलण्याच्या या प्रतिमेची एक किंमत आहे. रोप वाढते ते निसर्गक्रमाने. त्याला कोणाशी भांडावे लागत नाही. ज्ञानदेवांनी जन्मवंश बाजूला ठेवून गुरुवंश सांगितला, त्यात नकार होता. कुटुंबकथेत त्या नकाराचे रूपांतर करुणेत होते. पोरक्या मुलांचे हाल पाहून वाचकाचे डोळे पाणावतात आणि ज्यांनी हाल केले त्यांच्याविषयीचा प्रश्न त्या पाण्यात विरघळतो. हा दोष एका लेखकाचा म्हणता येणार नाही. महिपतींपासून प्रभातपर्यंत सर्वांनीच हा मार्ग धरला, आणि कादंबरी हा साहित्यप्रकार स्वभावतःच त्याला अनुकूल आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुक्ताबाई. परंपरेने तिला चांगदेवासारख्या वृद्ध योग्याची गुरू मानले आहे. तिच्या नावावरील ताटीच्या अभंगांचा प्रसंग घरगुती आहे: रुसून झोपडीचे दार लावून बसलेला भाऊ आणि बाहेरून विनवणारी बहीण. पण त्या विनवणीचा आशय उपदेशाचा आहे. लोकांच्या बोलण्याने विचलित झालेल्या ज्ञानदेवाला संताचे लक्षण ती सांगते. हे अभंग तिचेच आहेत की नाहीत, हा वेगळा प्रश्न. ते जसे आहेत तसे वाचले, तर बहीण आणि गुरू या दोन्ही भूमिका त्यांत एकत्र नांदतात. कथा-कादंबरी-चित्रपटांतून मात्र ‘धाकटी, लाडकी, अवखळ’ मुक्ताई उरते. थोरला भाऊ निवृत्ती ग्रंथात केवळ गुरू झाला आणि धाकटी बहीण कथेत केवळ बहीण झाली, या दोन टोकांत या कुटुंबाच्या वारशाचा इतिहास सामावलेला आहे.

५

आज मारुंजी-हिंजवडीपासून भोसरी-चाकणपर्यंत पसरलेल्या औद्योगिक पट्ट्यातच आळंदी येते. या पट्ट्यातले असंख्य कामगार आणि नोकरदार आपापली गावे, भावंडे, जमिनीच्या वाटण्या मागे ठेवून येथे आलेले आहेत. त्यांना ज्ञानदेव भेटतात ते ओवीकार म्हणून क्वचित. बहुधा ‘माउली’ म्हणूनच. ज्याला संतती नाही त्याला सारा समाज आई म्हणतो, हे नात्यांचे स्थलांतर ज्ञानदेवांनी ग्रंथात केलेल्या स्थलांतराशी सुसंगतच आहे. चौघांच्या समाध्याही चार ठिकाणी आहेत: ज्ञानदेवांची आळंदीला, सोपानांची सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरला, आणि मुक्ताबाई अंतर्धान पावली ती तापीतीरी. आषाढी वारीसाठी या चारही स्थळांहून पालख्या निघतात आणि पंढरपूरच्या अलीकडे ‘बंधुभेट’ घडते. हे कुटुंब दरवर्षी पुन्हा जोडण्याचे काम वारकरी समाज करीत आला आहे. कादंबरीकाराने तेच काम गद्यात केले.

म्हणून ‘मोगरा फुलला’चे मूल्यमापन ती इतिहासाशी किती प्रामाणिक आहे, या एकाच कसोटीवर करणे अपुरे ठरेल. तो इतिहास मुळातच कथारूपाने आलेला आहे. विचारावयाचे ते असे: कवीने जे घर जाणीवपूर्वक संहितेबाहेर ठेवले ते उभारताना, त्याने ते बाहेर का ठेवले असेल, याची खूण कथनात कोठे राहते का? संतचरित्रात्मक कादंबरीच्या अभ्यासकांनी हा प्रश्न प्रत्येक संहितेला स्वतंत्रपणे विचारला पाहिजे. त्यासाठी कादंबरीच्या शेजारी ज्ञानेश्वरीचा शेवट आणि ‘अनुभवामृता’चा आरंभ उघडून ठेवावा लागेल. करुणेने भरलेले घर आणि घराविषयीचे ते मौन यांतले अंतर किती, हे तेथेच मोजता येते.