बीड रस्त्यावरचा ट्रक

आजचा विषय विमानाचा आहे, पण सुरुवात आपण आपल्या दारातूनच करू. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. या मंगळवार पेठेतून चालत जावं इतक्या अंतरावर. त्यानंतर कुठेही चहाला थांबलं की एकच प्रश्न कानावर यायचा, ‘चूक कुणाची?’ आम्हीही तोच विचारत होतो. माणसाचा स्वभाव आहे तो. पण आज आपण जी हकीकत बघणार आहोत, तिच्यात हा प्रश्न पुरा पडत नाही असं आमचं म्हणणं आहे.

तारीख २६ एप्रिल १९९३. ठिकाण औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. इंडियन एअरलाइन्सचं ४९१ क्रमांकाचं विमान, बोइंग ७३७. दिल्लीहून निघून जयपूर, उदयपूर करत ते औरंगाबादला आलं होतं आणि आता मुंबईला निघालं होतं. आत ११२ प्रवासी, ६ कर्मचारी. वेळ दुपारी एकची. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी ऊन कसं असतं ते वेगळं सांगायला नको.

विमान धावपट्टीवर धावलं आणि जमीन सोडली ती अगदी टोकाशी येऊन. टोकापलीकडे बीड रस्ता. त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गाठींनी भरलेला एक ट्रक चालला होता. विमानाचं डावीकडचं चाक आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. जखमी विमान तसंच पुढे गेलं, सुमारे तीन किलोमीटरवर विजेच्या तारांना धडकलं आणि कोसळलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली.

आता ही ‘टोकाशी येऊन जमीन सोडली’ भानगड काय आहे, ते समजून घेऊ. प्रवाशाला दिसतं ते एवढंच, की विमान जोरात पळालं आणि वर गेलं. पण प्रत्येक उड्डाणाआधी एक हिशेब झालेला असतो. आज वजन किती, तापमान किती, वारा कुठून, धावपट्टी किती लांब. त्यावरून तीन वेग काढतात. पहिल्या वेगापर्यंत काही बिघडलं तर ब्रेक लावून थांबता येतं. त्यानंतर थांबायचं नाही, उडायचंच. दुसऱ्या वेगाला विमानाचं नाक उचलायचं. तिसरा वेग असा, की एक इंजिन बंद पडलं तरी त्या वेगाने सुरक्षित वर चढता येतं. दोन वैमानिकांपैकी एक जण काट्यांकडे बघून हे वेग मोठ्याने सांगत जातो.

यात उन्हाचा काय संबंध? हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना तेवढाच आधार मिळवायला जास्त वेगाने पळावं लागतं आणि इंजिनाचा जोरही कमी पडतो. म्हणजे तेच विमान, तेच वजन, पण दुपारी त्याला पहाटेपेक्षा जास्त धावपट्टी लागते. उंचावरच्या गावी आणखी जास्त. आपलं उजळाईवाडीचं विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फुटांवर आहे. तेव्हा कडक उन्हाळ्यात एखाद्या लहान विमानतळावर ‘वजनामुळे काही सामान मागे ठेवावं लागेल’ असं सांगितलं, तर आपण चिडू नये. कुणीतरी हिशेब नीट केलाय, असं समजावं.

औरंगाबादच्या चौकशीत कारण काय निघालं? एक नाही, दोन निघाली. पहिलं असं, की वैमानिकांनी नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरं असं, की विमानांच्या वेळेला बीड रस्त्यावरची वाहतूक रोखण्याची व्यवस्था तेव्हाच्या राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाने केली नव्हती. दोन्ही कारणं एकाच निष्कर्षात, शेजारी शेजारी.

आम्ही तत्त्वज्ञानाची माणसं. हे वाचल्यावर आम्हाला न्यायशास्त्र आठवलं. नैयायिक म्हणतात, कार्य एका कारणाने होत नाही, कारणांच्या सामग्रीने होतं. सामग्री पुरी जमली की कार्य होतंच. तिच्यातलं एक जरी कमी असलं, तर होत नाही. आणि दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमाराला होऊन गेलेले उदयनाचार्य आणखी एक गोष्ट ठासून सांगतात. आग आहे, लाकूड आहे, पण जवळ एक विशिष्ट मणी ठेवला तर लाकूड जळत नाही, असं शास्त्रातलं जुनं उदाहरण आहे. मणी प्रत्यक्षात असो वा नसो, मुद्दा बघा. तो मणी म्हणजे प्रतिबंधक. मग लाकूड जळतं तेव्हा ‘मणी तिथे नव्हता’ हेसुद्धा जळण्याचं एक कारण धरलं पाहिजे. याला प्रतिबंधकाभाव म्हणतात. जे तिथे नव्हतं, तेही कारण.

आता पुन्हा बीड रस्त्यावर या. रेल्वे यायची झाली की फाटक पडतं. बैलगाडीवाल्यालासुद्धा ते माहीत असतं. इथे काही टनांचं विमान डोक्यावरून जाणार होतं आणि रस्ता उघडा होता. तो ट्रक कुठलाही नियम मोडत नव्हता. कापूस घेऊन रोजच्यासारखा चालला होता. रस्ता त्या क्षणी रिकामा असता, तर वैमानिकांची तीच चूक कदाचित अंगावर काटा आणणारी एक आठवण होऊन राहिली असती. वैमानिक निर्दोष होते असं आम्ही म्हणत नाही. पण नुसतं त्यांच्याकडे बोट दाखवून थांबलो, तर रस्ता उघडाच राहतो आणि पुढच्या चुकीची वाट बघतो.

विमानविद्येने हा धडा फार आधीपासून गिरवला आहे. ३० ऑक्टोबर १९३५ ला अमेरिकेत बोइंगचं एक नवं मोठं विमान चाचणीत कोसळलं. यंत्र ठीक होतं, वैमानिक अनुभवी होता. जमिनीवर उभं असताना वाऱ्याने शेपटीचे पडदे हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची राहून गेली होती. यावर उपाय काय केला? ‘आणखी हुशार वैमानिक आणा’ असं म्हटलं नाही. कागदावर यादी केली. एकाने वाचायचं, दुसऱ्याने तपासून उत्तर द्यायचं. आज प्रत्येक विमानात ही यादी असते, तीस वर्षं उडवणाऱ्यालाही ती वाचावी लागते. तो कागद म्हणजे माणसाने तयार केलेला मणीच की!

पुढे १९४४ साली शिकागोला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचं तेरावं परिशिष्ट अपघातांच्या चौकशीबद्दल आहे. चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष वाटणं हा नाही, असं ते स्पष्ट सांगतं. शिक्षा द्यायची तर न्यायालयं आहेत, ती वेगळी वाट. कारण फासाची भीती असली की माणूस खरं बोलत नाही, आणि खरं कळलं नाही तर कुठला मणी कमी होता ते सापडत नाही.

शेवटी पुन्हा आपल्या गावात येऊ. कोल्हापूरचं विमानतळ राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालं. मधली बरीच वर्षं तिथे शुकशुकाट होता. आता विमानं येतात, धावपट्टी वाढली आहे, नवी इमारत उभी राहिली आहे. आपल्याला अभिमान आहे, असायलाच हवा. पण १९३७ च्या विमान नियमांत एक कलम आहे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत, पक्षी जमतील अशा रीतीने उघड्यावर कचरा किंवा मांसाचे अवशेष टाकायला मनाई आहे. इंजिनात घार शिरली तर काय होतं ते सांगायला नको.

नकाशा काढून सरळ रेषेत मोजा. ही मंगळवार पेठ त्या १० किलोमीटरांच्या आत येते. म्हणजे त्या सामग्रीत आपणही आहोत. उद्या सकाळी कोपऱ्यावर कचरा फेकताना आणि वर घारी फिरताना दिसल्या, तर बीड रस्त्यावरचा तो ट्रक आठवा. तोही रोजच्यासारखाच चालला होता.