बांधकामाचा अजमास: लीलावतींतील माप आणि मोल

जुन्या वाड्यांस, घाटांस व देवळांस किती खर्च आला, हा प्रश्न इतिहासप्रेमी मंडळींत वारंवार निघतो. शनिवारवाड्याचेंच उदाहरण घ्यावें. त्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला, वास्तुशांति २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली, व खर्च १६,११० रुपये लागला, असें सामान्यतः सांगण्यांत येतें. परंतु या एका बेरजेवरून काम स्वस्त झालें कीं महाग, हें ठरवितां येत नाहीं. बेरजेच्या पोटांत माप, दर आणि नफा अशा तीन गोष्टी असतात. त्या निरनिराळ्या करून पाहण्यास आपल्या जुन्या गणितग्रंथाचें साहाय्य कसें होतें, हें आम्ही येथें दाखवूं इच्छितों.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें रचलेल्या लीलावतींत खात, चिति व क्रकच, म्हणजे खोदकाम, विटादगडांची रास व करवतकाम, हे तीन व्यवहार लागोपाठ आले आहेत. आचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिल्याचें खानदेशांतील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखावरून कळतें. तेव्हां ही विद्या आपल्या प्रांतीं परंपरेनें शिकविली जात होती, हें उघड आहे.

खड्डा सर्वत्र सारखा नसल्यास अनेक ठिकाणीं मापें घेऊन त्यांचें मध्यम काढावें, असा नियम आहे. लांबी १०, ११, १२, रुंदी ५, ६, ७ व खोली २, ३, ४ हात भरल्यास मध्यमें ११, ६ व ३ येऊन खोदाई १९८ घनहात होते. विटांचें उदाहरण अधिक बोलकें आहे. वीट १८ अंगुळें लांब, १२ रुंद व ३ जाड. रास ८ हात लांब, ५ रुंद व ३ उंच. २४ अंगुळांचा हात धरून राशीच्या घनफळास विटेच्या घनफळानें भागिलें असतां विटा २५६० येतात, व थर २४ होतात. आतां २४ थरांचीं ७२ अंगुळें म्हणजे बरोबर ३ हात. सांध्यांतील चुन्यास वा फुटतुटीस येथें जागाच नाहीं. अर्थात् हें शुद्ध माप होय, गवंड्यानें मागावयाच्या विटांचा आंकडा नव्हे. करवतकामांतही ओंडका बुडाशीं २० व शेंड्याशीं १६ अंगुळें जाड, १०० अंगुळें लांब, आणि चिरा ४ असल्यास चिरलेलें पृष्ठ साडेबारा चौरस हात येतें.

इतकें सूक्ष्म गणित सांगणारे आचार्य दर मात्र सांगत नाहींत. या कामांचें मोल कारागिरांशीं होणाऱ्या ठरावावर व पदार्थाच्या मऊकठीणपणावर अवलंबून आहे, असा त्यांचा अभिप्राय आहे. ही आम्हांस ग्रंथाची उणीव वाटत नाहीं. मुरूम व काळा पाषाण यांचें घनफळ एक असलें तरी श्रम एक नव्हेत. माप शास्त्राचें, मोल व्यवहाराचें, ही सीमा आचार्यांनीं बुद्धिपुरस्सर आंखिली आहे.

राहिला नफा. कौटिल्यानें देशी मालावर शेंकडा ५ व परदेशी मालावर शेंकडा १० अशी मर्यादा घातली. पण ती व्यापारी मालाची. बांधकामांत नफा बहुधा दराच्या पोटांत दडून राहतो. सध्यां केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरपृथक्करणांत मक्तेदाराचा नफा व वरखर्च मिळून शेंकडा १५ असे वेगळे दाखविले जातात. जुन्या कागदांत तो वेगळा काढावयाचा, तर माप, सामानाचा भाव व मजुरी हीं तिन्ही हातीं असलीं पाहिजेत.

म्हणूनच संग्राहकांस आमची एक विनंति आहे. सनदा व मोर्तबाचीं पत्रें सर्वच जपतात; परंतु रोजकीर्दी, मजुरांचे हजिरे, चुन्याविटांच्या खरेदीच्या यादी हे कागद निरुपयोगी म्हणून टाकले जातात. एकाच कामाचे असे कागद जेथें सांपडतील तेथें ते एकत्रच ठेवावेत, विषयवार फोडूं नयेत. बेरजेचा आंकडा एखाद्या बखरींतही मिळतो. ती बेरीज कशाची, हें सांगणारा कागद एकदां गेला कीं तो पुन्हां मिळत नाहीं.